पन्नासच्या आधीचा कागद

सोयाबीनची पानं गळून नुसत्या शेंगा उरल्या, की माझे पाय घरात ठरत नाहीत. ऑक्टोबरातलं ते ऊन, पावसाळा संपला असं कोणी म्हणायच्या आतच पाठीवर येऊन बसणारं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोंगून, म्हणजे कापून, ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्या, अवकाळीच्या धास्तीनं त्यांच्यावर टाकलेल्या ताडपत्र्या आणि कुठंतरी लांबवर चालू असलेला हडंबा. आमच्याकडे मळणीयंत्राला हडंबा म्हणतात, आणि ज्यानं कोणी हे नाव ठेवलं त्यानं त्याचा आवाज नीट ऐकला असणार. कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ मानेवर, कॉलरच्या आत, चहाच्या कपातसुद्धा. मी वाशिमला एका शाळेत कारकून आहे, शेत माझ्या वडिलांकडे, आबांकडे, गावी आहे, पण या दिवसांत ती धूळ मला शहरातल्या घरातही खाजवते.

यंदाही तेच चाललंय. सकाळपासून तीनदा गाडीची किल्ली हातात घेतली आणि तीनदा खिळ्याला परत लावली.

"कुठं जाचं आहे?" बायको वंदनानं विचारलं.

"कुठंच नाही."

"मंग बसा ना एका जागी. त्या साली पायाले भिंगरी लागली, ते अजून निंगाली नाही तुमची."

खोटं नाही ते. तीन वर्षांपूर्वीचा तो सोयाबीनचा हंगाम माझ्या अंगातून गेलेलाच नाही. मोबाईलवर अनोळखी नंबर आला की अजून वाटतं, कुठल्यातरी ऑफिसातून फोन आहे आणि आणखी एक कागद कमी पडतोय.

झालं असं, की आमच्या मुलीनं, श्रावस्तीनं, बारावीच्या वर्षी जेवता जेवता सांगून टाकलं, "पप्पा, मले पायलट व्हाचं आहे." मी म्हटलं, वरण वाढ. तिनं वरण वाढलं आणि वाक्य पुन्हा तसंच म्हटलं. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. दिसतं ते इतकं उंच, की मान दुखेपर्यंत पाहिलं तरी पांढऱ्या रेघेपलीकडे हाती काही लागत नाही. पण ही पोरगी दुपारी गच्चीवर वाळवण घालता घालता त्या रेघांचा माग काढायची. मोबाईलमध्ये बघून सांगायची, हे नागपूरहून निघालं, हे हैदराबादला चाललं. मला वाटायचं, वयाचं वेड आहे, जाईल. ते गेलं नाही. नागपूरला जाऊन डोळे, कान, छाती, सगळं तपासून आली आणि पास झाल्याचा कागद माझ्या पुढ्यात ठेवला. मग माझाच बीपी वाढला.

कारण त्या शिक्षणाचा खर्च ऐकला होता. तो आकडा मी वंदनालाही पूर्ण सांगितला नव्हता. आबांचं सगळं शेत आणि आमचं घर दोन्ही विकलं असतं तरी ती फार तर अर्ध्या रस्त्यापर्यंत उडाली असती.

गावाला आयती मजा मिळाली. "इमान चालवाचं? अन् ठेवान कुठं? खळ्यात?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "भाऊ, आपल्या किन्हीराजावरून नेजा म्हना, तिकडची यष्टी लय लेट असते." मी हसायचो. हसता हसता मनात हिशेब चालायचा, की कोणाला विचारावं. सरकार अशा शिक्षणाला पैसे देतं हे कळायलाच कित्येक महिने गेले. कोणी म्हणे योजना बंद पडली, कोणी म्हणे फक्त मुलांसाठी असते, कोणी म्हणे मंत्र्याची ओळख लागते. शेवटी रविवारी विहारात बुद्धवंदनेनंतर एक निवृत्त सिस्टर भेटल्या. त्या म्हणाल्या, "काहून लोकायले विचारत हिंडता? आपल्या पोरायसाठी आहे ते. माह्या भाच्याच्या दोस्तानं घेतली. जाहिरात निंगते, तारीख पाहत जा." एवढं साधं कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी त्या बाईंच्या पाया पडलो असतो, पण त्यांना बस पकडायची होती.

जाहिरात निघाली तेव्हा शेतात सोयाबीन उभं होतं आणि शेवटची तारीख होती महिनाअखेर. दसरा-दिवाळीचा तो महिना. इतर वर्षी मी सुट्ट्यांची वाट पाहतो. त्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरातला प्रत्येक लाल आकडा मला वैऱ्यासारखा वाटायला लागला. धम्मचक्राच्या दिवशी आमची सगळी गल्ली नागपूरला निघाली, पांढरे कपडे, डबे, लेकरं. लहानपणापासून मी एकदाही चुकवलं नव्हतं. त्या वर्षी मी घरात बसून उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स स्वच्छ निघाली नाही म्हणून चिडत होतो. स्वतःची लाज वाटली, तरी हातातली झेरॉक्स सुटली नाही.

बाकीचे कागद जमत गेले. अडलं ते जात पडताळणीच्या प्रमाणपत्रावर. ते नसेल तर अर्ज पुढे जाणार नव्हता, आणि ते देणाऱ्या समितीनं आमच्या प्रकरणात त्रुटी काढली होती. पन्नास सालच्या आधी आमचं घराणं याच मुलखात होतं आणि अमुक जातीचं होतं, याचा लेखी पुरावा द्या. त्यांचंही चूक नव्हतं, नियमच तो. पण माझ्या स्वतःच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे. माझ्या बहिणींच्या दाखल्यांवर 'बौद्ध' आहे, जुनी जात कुठंच नाही. आबांनी आम्हाला शाळेत घालताना मास्तरांना ठणकावून ते लिहायला लावलं होतं. मी जिथं जिथं जुना कागद शोधायला गेलो, तिथं तिथं मला आबांचा तो ठणकावलेला आवाज आडवा यायचा.

छप्पन साली आबा पंधरा-सोळा वर्षांचे होते. आमच्या वस्तीनं घराघरातले देव एका टोपल्यात गोळा केले आणि नदीत सोडले. ती गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकली होती, की टोपलं कोणाचं होतं तेही आम्हाला पाठ. आबांनी त्याच वर्षी स्वतःचं नाव बदललं. आनंदराव. आधीचं काय होतं, हे आईलाही ठाऊक नव्हतं. ती गेली तोवर तिनं कधी विचारलं नाही. आणि शाळेचा विषय निघाला, की आबांचं एकच ठरलेलं, "म्या शाळेत पाय ठेवला नाही." सही करायचे, पेपर वाचायचे, ओठ न हलवता. आम्ही धरून चाललो होतो, की मोठेपणी प्रौढांच्या वर्गात शिकले असतील.

कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत पाहिलं. आम्हाला हव्या त्या वर्षाची पानंच नव्हती. आजोबांच्या नावे जमिनीचा तुकडा नव्हता, म्हणून महसुलाच्या कागदात ते कुठून असणार? अनसिंगच्या एका दूरच्या काकांकडे जुनी ट्रंक होती, ती उघडली तर तिच्यात लग्नपत्रिका निघाल्या. चार दिवस उरले होते. मी गावी गेलो तेव्हा आबा शेतात हडंब्याजवळ खाटेवर बसून होते. मजूर पेंढ्या लोटत होते, दाणे पोत्यात पडत होते, कुटार हवेत उडत होतं. त्या आवाजात मला ओरडूनच बोलावं लागलं, आणि ओरडून बोलायला लागलं की माणसाला मनातलं सगळं बोलायचा हुरूप येतो.

"दोन दिस तरी गेले असते शाळेत! नाव तरी लागलं असतं कोन्या वहीत! तुमच्यापायी पोट्टीचं वाटोळं होऊन राह्यलं आबा!"

नेमका त्याच क्षणी मजुरांनी हडंबा बंद केला. माझं शेवटचं वाक्य सगळ्या शेतानं ऐकलं. आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. मी गाडीला किक मारून निघून आलो. वाटेत दोनदा थांबलो, परत जावं म्हणून, आणि दोनदाही गेलो नाही. माझ्या स्वभावाचं हे असं आहे. तोंड आधी पळतं, मागून मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून आबांचा फोन आला. "गाडी घेऊन ये. अन् धोतर इस्तरीचं आन माह्यं, तुह्याकडं राह्यलं ते."

कुठं जायचं ते त्यांनी गाडीवर बसल्यावर सांगितलं. आमच्या गावापासून दोन कोसांवरचं गाव, तिथली जुनी प्राथमिक शाळा. दोन्ही बाजूंनी सोंगणी चालली होती, बाया ओळीनं वाकलेल्या, विळे चमकत होते. मागे बसलेल्या आबांचा हात माझ्या खांद्यावर होता. खड्डा आला की तो हात घट्ट व्हायचा, आणि खड्डा गेल्यावरही सैल होत नव्हता.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागायला एक दिवस होता. मुख्याध्यापिका तरुण होत्या, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. मी काम सांगितलं तसं त्यांनी लोखंडी कपाट उघडून दाखल-खारीजच्या जुन्या नोंदवह्या टेबलावर काढल्या. हे काम मी रोज करतो. लोक माझ्या खिडकीसमोर उभे राहतात, मी असल्याच वह्यांची पानं उलटतो, आणि घाई करणाऱ्याला म्हणतो, थांबा हो जरा. त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे उभं राहून दुसऱ्याला पानं उलटताना पाहिलं, तेव्हा कळलं की एक पान उलटायला किती वेळ लागतो.

"आबा, आत या ना, खुर्चीवर बसा," बाई म्हणाल्या. आबा ओट्यावर, दाराच्या बाहेर थांबले होते. एका खिडकीच्या चौकटीला हात लावून बघत होते. मग आत आले, पण बसले नाहीत.

"साल?"

"स्वातंत्र्याच्या आगंमागंचं पाहा बाई."

"नाव काय लावलं होतं?"

आबा समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. भिंतीवर पाढे लिहिलेले होते. मग त्यांनी ते नाव उच्चारलं, एकदाच, हलक्या आवाजात. ते मी इथं लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. आईबापांनी त्यांचं नाव बरं ठेवलं होतं म्हणे. गाव ज्या नावानं हाक मारायचं ते वेगळं होतं, आणि मास्तरांनी गावाचंच वहीत उतरवलं. बाईंनी ते ऐकलं, मान खाली घातली आणि पानावर बोट फिरवायला लागल्या.

सापडलं. अनुक्रमांक, ते नाव, माझ्या आजोबांचं नाव, त्यांचा धंदा, गाव, आणि जातीच्या रकान्यात तो शब्द, ज्याच्यासाठी मी महिनाभर वणवण केली होती. माझ्या छातीतून जो श्वास सुटला, त्याला आनंदच म्हणतात. मी मोबाईल काढून फोटोसुद्धा घेतला. श्रावस्तीला पाठवला. 'मिळालं' असं लिहिलं. मग आठवलं, की आबा शेजारी उभे आहेत.

ते वाचत होते. बोट ओळीवरून सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले. शाळा सोडल्याचं कारण. निळ्या शाईत वळणदार अक्षर, सतत गैरहजर.

"हे काय लिव्हलं?" आबांनी विचारलं, जसं काही त्यांना वाचता येत नव्हतं.

बाईंनी वही थोडी त्यांच्याकडे फिरवली.

"गैरहजर नव्हतो म्या," आबा म्हणाले. बाईंना सांगत होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "या खिडकीखाली बाहीर बसत व्हतो. आत येऊ देत नव्हते. मास्तर आतून नावं घ्याचा, म्या बाहेरून हजर म्हनो. मोठ्यानं म्हनो. त्यानं आतल्यायचंच लिव्हलं. पावसात बी बसलो बाई, घोंगडं घेऊन. बाराखडी इथंच आली मले. मंग एक दिस म्हने, तुह्यं नाव काटलं, तू येतच नाहीस."

घरी येऊन ते माझ्या आजीला काय म्हणाले असतील? पुढं साठ-सत्तर वर्षं 'शाळेत पाय ठेवला नाही' म्हणत आले, त्यात तसं पाहिलं तर एक शब्दही खोटा नव्हता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला मात्र त्या वेळी रडू आलं नाही. मी घड्याळ पाहत होतो. साक्षांकित उतारा, मग तहसीलला आबांचं प्रतिज्ञापत्र की वहीतल्या नावाचा तो मीच, मग समितीकडे, आणि मधे दिवाळी.

"हे दुरुस्त होते का रे?" आता आबांनी मला विचारलं. "तू तं हेच काम करतं ना शाळेत. काटून लिव्ह म्हना बाईले, हजर."

मला नियम तोंडपाठ होता. जुन्या नोंदीत खाडाखोड चालत नाही. अर्ज करावा लागतो, पुरावा लागतो, वरून मंजुरी यावी लागते, आणि तोवर त्या पानाचा उतारा वादात राहतो. माझ्या खिडकीतून हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल, पुष्कळदा त्यांच्याकडे न पाहता. आबांकडे पाहून सांगायला जड गेलं.

"आबा, आता त्या नोंदीले हात लावला, तं श्रावूचं काम अटकते. तीनच दिवस आहेत. अन् मंगही... एकदा हा कागद समितीत लागला, का मंग बदलता येत नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

आबांनी पुन्हा एकदा ते पान पाहिलं. "राहू दे मंग," म्हणाले. "तिचं होऊ दे."

बाईंनी उतारा लिहिला, सही-शिक्का केला. तहसीलला आबांनी प्रतिज्ञापत्रावर दोन्ही नावं असलेला मजकूर वाचला आणि खाली सुबक सही केली. कागद वेळेत गेला. पडताळणी झाली, अर्ज गेला, कित्येक महिन्यांनी यादी लागली, आणि यादीत आमच्या पोरीचं नाव होतं. वंदनानं गल्लीत पेढे वाटले. खळ्यात इमान ठेवायला सांगणाऱ्यांनीच फटाके आणले. श्रावस्ती दूरच्या राज्यात शिकायला गेली आणि सरकारनं तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला.

आणि मी स्वस्थ बसायला हवं होतं. बसता येत नाही. सरकारनं माझ्या मुलीला आकाशात पाठवलं ते ज्या कागदाच्या जोरावर, त्यावर माझ्या बापाला खोटं ठरवलेलं आहे, आणि त्या खोट्याला माझ्याच हातानं साक्षांकित करून घेतलं मी. दुसरा मार्ग होता का? नव्हता. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता ते मलाच पटत नाही. शाळेत तोच रकाना माझ्यासमोर रोज येतो. हंगामात आईबापांबरोबर सोंगणीला गेलेल्या पोरींच्या नावापुढे ते दोन शब्द लिहायची वेळ आली, की मी पेन खाली ठेवतो आणि आधी त्यांच्या घरी जाऊन येतो. मुख्याध्यापक म्हणतात, तुमच्या टेबलावर कागद तुंबलेत. तुंबू देत.

परवा श्रावस्ती आठ दिवसांच्या सुट्टीवर आली. आम्ही सगळे गावी गेलो. हडंबा बंद झाला होता, पोती शिवून ठेवलेली, आबा खाटेवर. तिनं त्यांच्या मांडीवर एक जाड वही ठेवली. "आबा, ही माह्यी लॉगबुक. याच्यात मी किती घंटे उडली ते सगळं असते. हे पाहा, या दिवशी मी पहिल्यांदा एकटी उडली."

आबांनी चष्मा पुसला, वही डोळ्यांजवळ नेली आणि पानं उलटायला लागले. सगळं इंग्रजीत, त्यांना त्यातलं एक अक्षर येत नाही. तरी प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होते.

"हे कोन लिव्हते? तू?"

"मीच. अन् सर सही करतात."

"अन् नाई केली तं?"

"मंग तो घंटा धरत नाहीत आबा," ती हसत म्हणाली. "उडली असली तरी नाही उडली."

आबा हसले नाहीत. वही बंद करून त्यांनी दोन्ही हातांनी तिला परत दिली, आणि तिचं मनगट धरून ठेवलं.

"रोज पाहत जाय बाई," ते म्हणाले. "खाली उतरली, का आपल्या डोयानं पाहत जाय, त्यानं लिव्हलं का नाही. अन् लिव्हेपर्यंत तथून हालू नको."